उंबऱ्यावरची घंटा

नाही, ती घंटा उचलू नका, भैजी — आता उचललीच आहे तर असू द्या, पण जाताना उंबऱ्यावर होती तिथेच ठेवा, ती खेळातली आहे. आमचा नियमच आहे तसा, खूण सापडली तरी जागेवरून हलवायची नाही. — बसा ना. बंदूक त्या कोपऱ्यात टेकवा. तुम्ही मागच्या नळावर हातपाय धुवायला गेलात तेव्हाच मी चुलीवर आधण ठेवलं, चहा होईलच. वनखात्याचा माणूस दारात आला आणि तसाच गेला, असं या घरात आई असताना झालं नाही आणि ती गेल्यावरही झालेलं नाही. फक्त उजेड आहे तोवर निघा, एवढंच. आमच्याकडे सूर्य डोंगराआड गेला की संध्याकाळ फारशी थांबत नाही, तुम्हाला काय सांगायचं.

कसला खेळ? शोधाशोधीचा. पल्याडच्या गावात बिबट्याने त्या मुलीला नेलं, तेव्हापासून शाळा बंद आहे आणि ही दोघं घरात. माझ्या भावाची मुलं — अंशिका अकरा वर्षांची, दिबू आठचा. भाऊ आणि त्याची बायको, आमची बौ, देहरादूनला एका हॉटेलात कामाला आहेत, मुलं आत्याजवळ, म्हणजे माझ्याजवळ असतात. लोक म्हणतात, फूफूनेच वाढवली. मी तसं म्हणत नाही. बौला वाईट वाटेल. तर घरात कोंडलेल्या मुलांचं करायचं काय? पौडीला एम.ए. करताना मी एका निबंधात लिहिलं होतं की बंदिस्त मुलाला मोकळ्या जागेपेक्षाही हेतूची गरज असते. सरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली होती. वाक्य लिहिणं सोपं असतं, भैजी. पहिल्याच दिवशी दिबूने मांजराला बादलीत बसवून खिडकीतून खाली सोडलं.

मग मी नीट बसून योजना आखली. विळे, कोयते वर माळ्यावर टाकले, रॉकेलचा डबा कुलपात ठेवला. चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत असं ठरवलं, कारण अंशिका भरभर वाचते आणि दिबू मागे पडून रडतो. त्याऐवजी वस्तूच पुढची जागा सांगते — राखेची चिमूट दिसली तर चुलीकडे जायचं, मंडुव्याचे चार दाणे दिसले तर धान्याच्या कणगीकडे, लोकरीचा धागा दिसला तर आईच्या पेटीकडे, आणि शेवटी बक्षीस. छान चाललं होतं. पण घर केवढंसं? काल दिबू म्हणाला, ‘फूफू, तुझ्या जागा म्हाताऱ्या झाल्या.’ म्हणून आज लपवायचं काम त्याच्याकडे दिलं आणि शोधायचं अंशिकाकडे. ती म्हणते, ‘हा लपवणार? याला स्वतःचे बूट रोज मी शोधून देते.’ गावातल्या लग्नातले गोड अरसे डब्यात उरले होते, तो डबा त्याला दिला. मी एवढंच विचारलं, ‘घरातच ठेवलायस ना रे?’ ‘घरातच, फूफू, तुझी शपथ.’ नियम तोच आहे, पहिल्या दिवसापासून — घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

ठसे? नाही, आमच्या अंगणात नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी दिसले म्हणतात, पण ते गावाच्या त्या टोकाला. — गोठा खालीच आहे, या फळ्यांच्या खाली. आत एकटी काळी आहे, आमची म्हैस. दार भक्कम आहे. मी स्वतः परवा शेणमातीने लिपलं. — का म्हणजे? थंडी आली. — हो, मान्य आहे, भिंत लिपतात, दार कुणी लिपत नाही. फटी होत्या, भैजी. जुनं लाकूड आहे, आणि ओरखडे काय, कुत्र्याचेही असतात, म्हशीच्या शिंगांचेही असतात — तुम्ही ओरखड्यांचं विचारलंच नव्हतं, नाही का. चहा घ्या. गूळ हवा तर वाटीत आहे.

हे पाहा, तुम्ही तिथून जे बघताय ते मला कळतं. मी अडाणी नाही. पिंजरा कुठे लावायचा ते तुम्हाला ठरवायचंय, त्यासाठी तो कुठून येतो ते कळायला हवं, हे सगळं मला मान्य आहे. पण तुम्ही वर कळवणार, मग गावभर होणार, आणि गावातून देहरादूनला फोन जायला किती वेळ लागतो? भावाने मला बजावलं आहे — दारात एक जरी खूण दिसली तरी त्याच दिवशी मुलं घेऊन जाईन. आणि गेली की ती परत येत नाहीत, भैजी. या गावातून कोण परत आलं आहे? आमच्या वरच्या आळीत सगळ्या दारांना कुलपं आहेत. इथे मग मी आणि म्हैस. मी तिला बालशिक्षण शिकवीन. — नाही, हसा तुम्ही, मीच म्हणाले ते.

आणि मी काळजी घेतली नाही असंही नाही. गोठ्यात मी एकटी जाते, तेही उन्हात. रात्रभर माझा कान काळीच्या घंटेकडे असतो. तिने रवंथ करताना मान हलवली तरी इथे वर ऐकू येतं, आणि ती बिथरली तर सगळी आळी जागी होईल. म्हणून तर घंटा बांधतो आम्ही. आई म्हणायची, घंटा वाजते आहे तोवर निजावं. ही तुमच्या हातातली? ही जुनी असेल, आईच्या पेटीमागे खुंटीला एक टांगलेली आहे, दिबूने ती काढली असणार. म्हणजे बक्षीस खुंटीपाशी, साधं आहे. बघू? इकडे धरा —

ही दोरी ओली आहे.

हिला केस लागले आहेत, भैजी. जुन्या घंटेला दोरी नाही. ही काळीची आहे. त्याने ही काळीच्या गळ्यातून काढली, म्हणजे तो खाली जाऊन आला, कधी — दुपारी मी कणीक मळत होते तेव्हा. आणि मला शपथ घालून म्हणाला घरातच. खोटं नाही बोलला तो. मीच विचारायला चुकले. गोठा घरातच की आमचा, म्हैस घराबाहेर बांधली असं आमच्यात कोण म्हणतं? पण त्याचं दार अंगणात आहे. अंगणात उतरल्याशिवाय — अंशिका? अंशिका, कुठे आहेस तू? — आतल्या खोलीत नाहीत. तुम्ही नळावर होतात, मी चुलीशी, तेवढ्यात दोघं जिना उतरली असतील. तिने घंटा पाहिली, ओळखली, आणि नियमाप्रमाणे जागेवर ठेवून गेली. माझ्याच नियमाप्रमाणे.

थांबा. ऐकू आलं? फळ्यांखाली. हसतोय तो. डबा सापडला त्यांना.

आणि ते? तेही ऐकलंत ना तुम्ही. वरच्या शेतात भेकर ओरडलं. पुन्हा. जनावर जवळ असल्याशिवाय ते ओरडत नाही. — नाही, भैजी, हाक मारू नका, हाक मारली की ती धावत बाहेर येतील, अंगणात. मी या फळ्यांच्या फटीतून बोलते.

दिबू. मी आहे, वर. हसू नकोस. ऐक, नियम बदलला आहे. अजून एक डाव आहे, याला बक्षीस मोठं. दोघांनी काळीच्या मागे गव्हाणीत जाऊन बसायचं, अंगावर गवत ओढायचं, आणि जो आधी बोलेल तो हरला. अंशू, तू त्याचा हात धर. दार उघडायचं नाही, तुमच्याच नावाने हाक आली तरी नाही. वनखात्याचे भैजी येऊन ते बाहेरून उघडतील. — हो, माहीत आहे मला, आतून कडी नाही. आतून कोण लावतो गोठ्याला. — नाही, रागावले नाही. हो, अरसा खा. हळू खा.

भैजी, उजव्या बाजूची खालची फळी. तिथे नुसती माती आहे, लाकूड तुटलेलं आहे. दोनदा आला तो, दोन्ही वेळा मागच्या शेताच्या बांधावरून. ओरखडे त्याचेच आहेत, मी लिपले. हे सगळं वर कळवा, आजच कळवा, भावाला फोन मी करते, उद्या येऊन मुलं घेऊन जाऊ दे त्याला. पण आधी खाली जा. जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती सोडा. मी इथून पालथी पडून त्यांच्याकडे बघत राहते.

ती घंटा तेवढी खाली ठेवा. तिची जीभ धरून ठेवा, हलकेच, वाजू न देता. खेळात मीसुद्धा आहे, मी आता बोलणार नाही.