फियाटची मागची सीट

...नाही, म्हणजे कडी मिळाली, मिळाली नाही असं नाही, पण कुठली? उजव्या दाराची! अहो, दाराला आतून कडी असते ना, ओढली की दार उघडतं, ती... मला हवी होती मागच्या डाव्या दाराची, आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा तो पार्टवाला मला सांगतो, "काका, उलटी बसवा, चालून जाईल." बसवली उलटी. चालली! फक्त दार उघडायच्या ऐवजी आतून लॉक झालं आणि मी आत. बाहेर आमची मंजुषा उभी. "अहो, काचेतून या की!" आता बायकोला काय सांगणार? काच खाली करायचं हँडल कुठंय? तेच तर दोन वर्षं शोधतोय! शेवटी पुढच्या सीटवरून रांगत बाहेर आलो, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. तुम्हाला सांगतो, राग यायला पाहिजे होता. नाही आला. मला आता काही वाटतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, कशाला हा उद्योग? तर आमचे वडील, जयराम अण्णा, मखमलाबादला गुलाबाचा मळा. सदुसष्ट साली त्यांनी जुनी फियाट घेतली. लोकांनी पेढे खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी काय केलं असेल? मागची सीट उपटून काढली! आतलं कापड फाडलं, दाराच्या कड्या टोपल्यांना अडकतात म्हणून त्याही काढल्या, आणि मागं गुलाबाच्या टोपल्या छतापर्यंत. चालले गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, फुलबाजारात! पुढं अण्णा, शेजारी झेंडू. आईनं, वत्सलाबाईनं, एकदाच विचारलं, "मला दिंडोरीला माहेरी सोडता का गाडीतून?" अण्णा म्हणाले, "फुलं चुरगाळतील."

बस. एवढंच. पण आई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं एसटीनं माहेरी गेली आणि गाडीजवळून जाताना पदर झटकून गेली. पंच्याण्णवला अण्णा गेले. दहावं झालं, तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी आई म्हणते, "ज्ञानेश, त्या गाडीत मागं बसायचं राहिलंच बघ." झालं! मी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात टर्बाइनपाशी उभा राहणारा माणूस, मला वाटलं, एक सीट, दोन कड्या, किती वेळ लागेल? महिना?

सात वर्षं लागली.

मालेगावला भंगारबाजारात गेलो. तिथला दुकानदार म्हणतो, "चचा, ये तो हमारे अब्बा के टाइम का माल है. अब्बा से पूछना पड़ेगा." म्हटलं, पूछो ना भाई, मी थांबतो. म्हणाला, "अब्बा तो गुजर गए." आता यावर माणसानं काय करावं? मी चहा प्यायलो. त्यानंच पाजला. चांगला माणूस होता, काचेची हँडलंही त्यानंच शोधून दिली, पण सीट नाही. मुंबईला गेलो, तिथं म्हणाले पुण्याला बघा. पुण्याला गेलो, तिथं म्हणाले, "नाशिककडे असायच्या हो खूप!" तुम्हाला सांगतो, मला आता काही वाटतच नाही.

मग प्लँटमधला आमचा बारकू, कळवणकडचा, तो एक दिवस म्हणाला, "भाऊ, आमच्या गावाला एक फियाट उभी हाय, आख्खी!" गेलो. खरंच आख्खी! सीट मूळची, मरून, एक टाकासुद्धा उसवलेला नाही... आणि सीटवर कोंबडी. मालक चिमाजी बाबा हात जोडून म्हणाले, "भाऊ, कोंबडी बठेल शे." म्हटलं, उठवा की! आतून त्यांच्या घरातल्या साळूबाई कडाडल्या, "उठवा? अंड्यांवर बसलीय ती! एकवीस दिस थांबा!" बरं, बसून झाले होते किती? तीन! म्हणजे मी, सरकारी वीज तयार करणारा माणूस, अठरा दिवस एका कोंबडीचं बाळंतपण व्हायची वाट बघत बसलो. पिल्लं निघाली. नऊ. सीट मिळाली. वास? विचारू नका.

ती सीट घेऊन गेलो भद्रकालीत, गाद्या-कुशनवाल्या सावळीरामकडे. तो रेक्झिन चाचपून म्हणाला, "साहेब, हे आता येत नाही." मी म्हटलं, सावळीराम, हे वाक्य मला पाठ आहे, तुम्ही आहे तेच धुवा आणि शिवा. तीन महिने रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचो. छताचं कापड झालं, सीट झाली, आता राहिली ती डावी कडी. आणि एक दिवस सावळीरामनं जेवायला डबा काढला... भिंतीवरून. डबा कशाला लटकवला होता? कडीला! फियाटच्या मागच्या डाव्या दाराच्या आतल्या कडीला! तीन महिने माझ्या नाकासमोर! "ही होय? न्या की साहेब, मी खिळा ठोकतो." मी कडी घेतली, पिशवीत टाकली. ना रडू, ना हसू. मंजुषाला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला डॉक्टरकडे नेऊ का?" म्हटलं, मला काही होत नाहीये. म्हणाली, "म्हणूनच."

तर दोन हजार दोन सालचा पाडवा. गाडी तयार. आई नऊवारी नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून मागं बसली. आता सत्त्याहत्तरची. निघालो दिंडोरीला, माहेरी. मी आरशातून बघतोय, आता ही काहीतरी बोलेल, डोळे पुसेल... ढकांब्याच्या अलीकडे आई म्हणाली, "ज्ञानेश, थांबव रे." थांबवली. डावं दार आतून उघडलं, एका झटक्यात, काय सुंदर उघडलं सांगू! आणि आई उतरून रस्त्याच्या कडेला द्राक्षाच्या बागेपाशी भडाभडा ओकली.

मी पाणी दिलं. तिनं चूळ भरली, दगडावर बसली, आणि हसायलाच लागली. म्हणाली, "मला गाडी लागते रे! आणि मी उगाच त्या माणसावर अठ्ठावीस वर्षं रुसले." पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "फुलंच बरी होती मागं." उरलेलं अंतर ती एसटीनं गेली, खिडकीपाशी बसून. मी मागून रिकामी गाडी घेऊन. तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र छातीत काहीतरी हललं होतं. मंजुषा म्हणते, ॲसिडिटी असेल.

परत आल्यावर आई म्हणाली, "माझं झालं. विकून टाक." लग्नाला गाड्या भाड्यानं देणारा एकजण आला, गंगापूर रोडचा. आत डोकावला, सीटवरून हात फिरवला, छत बघितलं, कडी ओढून बघितली. म्हणाला, "काका, बॉडी फर्स्टक्लास! आतलं तेवढं सगळं काढून नवीन करून घेतो. पांढरं लेदर, एसी. जुनं भंगारात देऊ का?"

म्हटलं, द्या. कुणीतरी शोधतच असेल.