ओळखीचा म्हातारा मिस्त्री

पंक्चर ट्यूब घेऊन सायकलच्या दुकानात थांबलेल्या एका बाईंच्या पुढेच एक गिऱ्हाईक मिस्त्रीशी बोलत होतं.

"ही कार्बनची चाकं काढा. ही जुनी तारांची बसवा."

"साहेब, मागच्याच महिन्यात हौसेनं घेतलीत ना?"

"साहेब नका म्हणू हो. बाजूचा वारा लागला की ही हेलकावतात. जुनीच बरी."

"नुसती बरी? फिरवली तर केसभरही डुलत नाहीत! तारा ओढून बांधली कुणी?"

"सायकल क्लबातल्यांनीही हेच विचारलं होतं. म्हटलं, आहे एक ओळखीचा म्हातारा मिस्त्री."

"मग न्या त्यांच्याकडेच."

"मी हे म्हटलं तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते, माझी विसरलेली बाटली घेऊन. म्हणाले, 'साहेब, पाणी राहिलं तुमचं.'"

"असं? कोण ते?"

"वडील. आता घरीसुद्धा साहेबच म्हणतात."