आत्याचं गाणं आणि दोन प्रीअँप

मला वाटलं होतं, फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डचा बारीक आवाज वाढवणारा डबा, लावला की वारलेल्या आत्याचं भीमगीत अगदी स्वच्छ ऐकू येईल. ऐकू आली नुसती घरघर. शिकून परत येताना मी बंगळूरहून दोन प्रीअँप आणले होते. तुलना करून चांगला तो ठेवणार होते. आमच्या गावी, पिपरी मेघेच्या घरी, दोन्ही आलटूनपालटून लावले.

बाबा म्हणाले, “पयल्यात माही बहीण भांडून राह्यली, दुसऱ्यात गुळण्या करून राह्यली.” मग हळूच विचारलं, “रेकॉर्ड खराब झाली काय वं?”

तिच्या आवाजाची ती एकच रेकॉर्ड.

भीमजयंतीला लाउडस्पीकर लावणाऱ्या दिलीपकाकांना बोलावलं. त्यांनी बाबांचा जुना अँप्लिफायर मागून पाहिला. “अवं पोरी, याच्या आतच प्रीअँप हाये ना! वरणाले दोनदा फोडणी देते काय?”

त्यांनी माझा डबा काढून रेकॉर्ड प्लेअरची वायर सरळ अँप्लिफायरला जोडली. आत्या गाऊ लागली. बाबांनी डोळे पुसले, माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, दोन्ही प्रीअँप परत पाठवायचे आणि रविवारी विहारात सगळ्यांना आत्या ऐकवायची. वायरी मात्र काका जोडतील.