मागे स्प्रिंग नसलेली सायकल

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मासिक उघडलं होतं, पण कान शेजारच्या जोडप्याकडे होते.

"डोंगरात चालवायची सायकल, आणि मागे स्प्रिंगच नाही!"

"अगं, हार्डटेल तशीच असते. हलकी. चढाला भन्नाट. दगड न् दगड कळतो."

"कळला ना? थेट मणक्याला."

"चूक माझीच. उतारावर सीटवरून उठायला हवं होतं."

"आता खुर्चीवरून तरी उठता येतंय का?"

"बरं बाई, जिंकलीस. उद्याच विकून टाकतो."

"अहो, खबरदार! कालच सीट माझ्या उंचीला लावून घेतलीय."

"तू? कधीपासून?"

"तुम्ही झोपून आहात तेव्हापासून."

"आणि मी काय चालवू?"

"तुम्ही आत चला. नंबर आलाय."