हद्दीच्या दगडाखालची खूण

—नाही बाई, इथे उभं राहून तुम्हाला काहीसुद्धा दिसणार नाही. बाकीचे सहाजण अकराला येतील, मग दगड निघेल, आणि तेव्हाही तुम्ही पाठ फिरवून पार त्या ओढ्यापर्यंत जायचं, तसा नियमच आहे — मग दहापासून या गारठ्यात तिष्ठत कशाला बसायचं? खाली बाजारचौकात बेकरी आहे. बाई लबाड आहे, कालचे पाव आजचे म्हणून खपवते, पण कॉफी गरम देते. या जाऊन. काय म्हणता, यंत्र टाकून कशी जाऊ? अहो, वाइडनलोत कोण चोरणार तुमचं यंत्र? चोरी करायला अंगात थोडी तरी धमक लागते.

बाजारचौक म्हटल्यावर हसलात. हसा, हसा. तुम्ही शहरातल्या मोजणी खात्याच्या, तुम्हाला हे गावच वाटणार. पण आमच्या नगराध्यक्षांना लिहिताना 'गाव' लिहू नका हं — तीन पानी पत्र येईल. आम्ही गाव नाही, शहर तर नाहीच, आम्ही मार्क्ट! चौदाशे एकाहत्तर साली कुठल्याशा बिशपनं आम्हाला बाजार भरवायची सनद दिली, ती काचेच्या पेटीत ठेवलीय, पेटीवर दिवा लावलाय. आणि बाजार? बाजार कुठाय? गुरुवारी एक मासळीवाल्याची गाडी येते, समुद्राकाठून. आमच्या भोवती चाळीस तळी आहेत, बाई, चाळीस, मोजा तुमच्या यंत्रानं, प्रत्येकात हाताएवढा कार्प मासा — आणि आमचे लोक रांग लावून त्या गाडीवरची बर्फातली मासळी घेतात. हा आमचा वारसा. वेशीच्या कमानीवर पाटी आहे, तीवर म्हणे मोबाइल धरला की इतिहास ऐकू येतो. मी धरला एकदा. जाहिरात ऐकू आली.

आणि जुलैतला उत्सव तर बघूच नका. पोस्टानं मागवलेले तागाचे सदरे घालून शिक्षक आणि दंतवैद्य शेतकरी होतात, नगराध्यक्ष घोड्यावर बसून बिशपची सनद वाचतात — घोड्याला ते घाबरतात, म्हणून दोन माणसं दोन्हीकडून पाय धरून चालतात. पाय! या माणसाला ही जमीन हवीय. हो, हीच, ओढ्यापासून या दगडापर्यंतचं कुरण मार्क्टचं आहेच, त्यावर फिरत्या घरांच्या गाड्यांसाठी तळ करायचाय, पाहुणे येतील, वारसा बघतील. पण गाड्या वळायला जागा कमी पडते. मग कुणीतरी जुना नकाशा काढला, आणि कागदावरची रेघ या दगडाच्या पलीकडे निघाली, दोन मीटर आत, या शेजारच्या वॉल्बुर्गाच्या बागेत. दोन मीटर म्हणजे किती, ठाऊकाय? प्लमच्या झाडांची अख्खी ओळ. तिच्या सासऱ्यानं लावलेली.

म्हणून आज आम्ही. आम्ही सातजण. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं? सात माणसं, शपथ घेतलेली, मरेपर्यंत. हद्दीचा दगड रोवायचा तो आम्हीच, आणि रोवताना त्याच्याखाली खूण ठेवायची — भाजलेल्या मातीचे तुकडे, पण किती, कसल्या आकाराचे, कसे मांडलेले, ते सातांशिवाय कुणाला ठाऊक नाही. बायकोला नाही, पाद्र्याला नाही. कारण सोपं आहे. दगड कुणीही रात्रीत सरकवेल, पण खूण सरकवायला ती आधी ठाऊक हवी. दगड काढला, खाली खूण जशीच्या तशी सापडली, की दगड खरा. नाही सापडली, की कुणीतरी हलवलाय. दोन्हीकडच्यांनी लिहून दिलंय, खूण सांगेल ते मान्य. नगराध्यक्षांनी सही करताना चष्मा दोनदा पुसला. वॉल्बुर्गानं वाचलंसुद्धा नाही. म्हणाली, "गुंडोल्फ, तू होतास ना रोवताना? मग झालं तर." आणि आज सकाळपासून केक भाजत बसलीय, आम्हा सातांसाठी. मूर्ख बाई. सत्तरीला आली तरी अक्कल नाही.

पिशवीत? डबा आहे माझा, दुसरं काय असणार. तुम्ही कॉफी घेऊन याच, बाई, खरंच, तुमचं नाक लाल झालंय.

नाही जात? बरं. राहा उभ्या. मोजणीवाल्यांचा हट्ट मला माहीत आहे, मीही त्यातलाच. मग काय, मला काय जन्मापासून शेतातला समजलात? म्युनिकला शिकलो मी, चार वर्षं, कोन, त्रिकोण, भिंगं, सगळं. तुमचं हे उपग्रहाचं खूळ तेव्हा नव्हतं, पण तिपाई हीच, आणि नाक असंच वर. अठ्ठाविसाव्या वर्षी परत आलो. चौऱ्याऐंशी साली. वडील वारले होते, सातांतली जागा रिकामी होती, मला बसवलं. काय मंडळी होती ती! एकाला कानानं ऐकू येत नाही, एकाला काटकोन म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि शपथ घेताना सगळ्यांचे डोळे पाणावलेले. मी हात वर करून शपथ घेत होतो आणि मनात म्हणत होतो, आठ दिवसांत यांना दशांश चिन्ह शिकवीन.

आणि आठच दिवसांत हा दगड आला. जुना नांगराच्या फाळानं फुटला होता. जागा मी मोजली — मी स्वतः, ओढ्याच्या पुलाच्या कोपऱ्यापासून, तीनदा. अचूक. हा दगड जिथे आहे तिथेच हवा, बाई, एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही, चुकलाय तो कागद, कागद करणारा कारकून दुपारी बिअर पिऊन रेघ मारत होता, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. ते असो. तर आमच्या वाइडनलोची एक रीत आहे, दुसरीकडे कुठे नसेल. खड्ड्यात एकानेच उतरायचं. बाकी सहांनी भोवती कडं करून, तोंड बाहेर करून उभं राहायचं, म्हणजे कुणी चोरून बघत नाही ना ते दिसतं. खाली काय चाललंय ते त्या सहांनाही दिसत नाही. उतरलेल्यानं म्हणायचं, "ठेवली." आणि सहांनी म्हणायचं, "ठेवली." बस. त्या दिवशी मला उतरवलं, सगळ्यात धाकटा म्हणून, गुडघे चांगले म्हणून.

तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात — तुम्ही काय केलं असतंत? वर सहा म्हातारे बाहेर तोंड करून उभे, टोप्या काढलेल्या, आणि तुमच्या हातात मातीची खेळणी. मला हसू आवरेना. म्हटलं, बघू या, खुणेशिवाय दगड पडतो का. तुकडे खिशात घातले आणि म्हटलं, "ठेवली." आणि वरून सहा आवाज, "ठेवली." घरी जाताना तुकडे हर्श्लाइनच्या तळ्यात फेकले. टुपुक, टुपुक. मासेसुद्धा हलले नाहीत.

—असं बघू नका माझ्याकडे. दगड पडला का? एक्केचाळीस वर्षं उभा आहे. मग? मग माझंच बरोबर ठरलं की नाही? ठरलं! आणि मी नंतर शंभरावर दगड रोवले, सगळ्यांखाली खूण आहे, नीट, काटकोनात. आज मी सातांचा मुख्य आहे, सत्तावीस वर्षं झाली. माझ्याएवढा कडक मुख्य या मार्क्टनं पाहिला नाही, विचारा कुणालाही. सातांतल्या ह्यूमरांच्या फाइटला विचारा — त्याला विचारता येणार नाही, तो गेला. आमच्या कार्पच्या जेवणात जे झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरातच गेला. जेवणात काय झालं होतं, तर तिसऱ्या ग्लासानंतर यानं आपल्या जावयाला टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोटानं आकार काढून दाखवला. खुणेचा. अर्धाच. मी पुसला. आणि दुसऱ्या दिवशी सातांना गोळा करून त्याला ओळीतून काढलं. तो काय रडला, बाई, दारात उभा राहून, एवढा आडदांड माणूस, "गुंडोल्फ, जावई समोर होता रे, मला मोठं व्हायचं होतं." मी म्हटलं, "शपथ म्हणजे शपथ." तो गेला तेव्हा त्याची शवपेटी उचलायला सातजण गेलो नाही. आमच्यात शवपेटी सातच उचलतात. भाड्याची माणसं आली, काळे कोट घातलेली, त्यातल्या एकानं च्युइंगम चघळलं सगळा वेळ.

शपथ म्हणजे शपथ. म्हटलं होतं मी. असा उभा होतो, दाराच्या चौकटीला हात लावून.

हो. मातीच आहे पिशवीत. तुम्हाला मगाशीच कळलं होतं, नाही? काल भाजले तुकडे. लवकर आलो होतो, म्हटलं साडेदहापर्यंत दगड कलता करून तुकडे ठेवतो खाली, एकट्याला जमतो, पहारीनं. तुम्ही कुठून कडमडलात दहाला! सरकारी माणूस वेळेआधी येतो हे उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

आणि नाही तर काय होणार, सांगा की, हिशेब सोपा आहे. अकराला दगड निघणार, खाली काही नाही, म्हणजे दगड हलवलेला. कोणी हलवला? ज्याचा फायदा त्यानं. म्हणजे ओटमार टाइननं, वॉल्बुर्गाच्या नवऱ्यानं. जो माणूस माझ्याकडून घेतलेली शिडी धुऊन परत करायचा. तो गेलाय, त्याला काही बोलता येणार नाही, आणि उद्यापासून बेकरीत म्हणणार, अच्छा, टाइन होता होय तो. झाडं काय, तोडली तर दुसरी लावता येतात. माणूस मेल्यावर चोर ठरला तर...

ताजी माती ओळखू येईल म्हणता? एक्केचाळीस वर्षांची मुळं तुटलेली दिसतील? कोणाला दिसतील! तुम्हाला दिसतील. मला दिसतील. त्या सहांना? हर्श्लाइनच्या नातवाला तळ्यापलीकडे काही दिसत नाही, पोस्टमन गुडघे धरून लांबच उभा राहतो, आणि बाकीचे चारजण आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग खड्ड्यात. मी "आहे" म्हटलं की सहाजण "आहे" म्हणणार. डोळे पाणावून! मीच शिकवलंय तसं. सहा बैल, बाई, सहा बैल, इतकी वर्षं माझ्या मागून चालतायत, एकानं कधी विचारलं नाही की मुख्य, तुमच्या पहिल्या दगडाखाली काय आहे. एकानंही नाही. काय म्हणावं असल्या माणसांना? असा विश्वास ठेवतात का कुणी कुणावर? ठेवतात का?

पावणेअकरा झाले.

यंत्र आवरताय? ओढ्यापर्यंत जाता, पाठ करून उभ्या राहता, तुम्ही काही बघितलं नाही? असं म्हणालात? — तुम्ही फार चांगल्या आहात, बाई. फारच. वाइडनलोत राहायला या, आमच्यात छान मिसळून जाल.

नाही. ओढ्याकडे नको. खाली उतरा, चौकातून डावीकडे, हिरव्या फाटकाचं घर. वॉल्बुर्गाला घेऊन या इकडे. केक राहू दे म्हणावं. ती विचारेल, बाहेरच्यांनी खड्ड्याजवळ यायचं नसतं ना — तर सांगा, मुख्यानं बोलावलंय, तो नियम मोडायचा अधिकार मुख्याला नाही, तरी बोलावलंय. आणि जाताना फाइटच्या जावयाचं घर लागेल, त्यालाही हाक मारा. — काय? कशासाठी म्हणून विचारलं तर? तुम्ही मोजणीच्या बाई ना? मग मोजणीपुरतं बोला. बाकीचं मी सांगेन, सहांच्या समोर, तोंडं आत करून उभं करीन त्यांना. जा आता. जा म्हणतो ना.