बारवीच्या काठावरची सात मडकी

हसताय काय, त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती! बारवी धरणाच्या काठावर आमचं ते छोटं कॉटेज आहे ना, उन्हाळ्यात भाड्याने द्यायला यंदाच सजवलं. वेताच्या खुर्च्या, पाण्याकडे तोंड करून झोपाळा, आणि त्याच्यावर माझी खास आयडिया: मातीच्या मडक्यांना भोकं पाडून आत पिवळे बल्ब.

पहिलंच बुकिंग अंबरनाथच्या एका कुटुंबाचं, आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी. दुपारी मंडळी गाडीतून उतरली आणि मी हौसेने दिवे लावले. आजोबांची सून वर बघून जागीच थबकली.

"ही मडकी कुणी केली?"

"मीच! प्रत्येकाला मोजून तीन भोकं."

माझ्या बायकोने कपाळावर हात मारला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन भोकांचं मडकं आपल्याकडे दिसतं ते स्मशानात, चितेला फेरे घालताना. आणि मी तशी सात टांगली होती, पंचाहत्तरीच्या माणसाच्या डोक्यावर.

सून ड्रायव्हरला म्हणाली, "सामान उतरवू नका." मी दिवे बंद करायला धावलो, पण घाईत बटणच सापडेना. आजोबा मात्र झोपाळ्यावर बसून शांतपणे वर बघत होते.

"ड्रिल आहे का घरात?"

"आहे."

"मग चौथं भोक पाडा सगळ्यांना. आणि जरा लवकर, नाहीतर आमची मंडळी मला खांदा द्यायला उभी राहतील."