कॉफी कोणासाठी केली होती?

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे मालक श्री. बाल्देमार त्रेविन्यो साहेब, जिच्या निवृत्तीनिमित्त आज आपण सगळे जमलो आहोत ती आमची मुख्य परिचारिका नेरेइदा कान्तू, व्यासपीठावर तिच्या शेजारी बसलेले तिचे यजमान, घरोघरी हिंडून रुग्ण सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, आणि मागच्या टेबलांवर बसलेल्या, लक्ष बार्बाकोआच्या, त्या मंद शिजलेल्या मांसाच्या, पातेल्याकडे असलेल्या सर्व आप्तेष्टांनो, सप्रेम नमस्कार.

नेरेइदाला आम्ही सगळ्या मिस नेरे म्हणतो; तिच्याबद्दल चार गोड शब्द बोलायला मला इथे उभं केलं आहे. ते मी बोलेनच. पण गेला महिनाभर मी एका गोंधळात आहे, तिच्याबद्दल बोलायचं तर तो गोंधळ सांगावा लागेल, आणि तो सोडवून मगच बोलावं तर हा समारंभ पुढच्या वर्षी ठेवावा लागेल.

नातेवाइकांसाठी थोडं सांगते. परिचारिका रुग्णाच्या घरी जाते, काय पाहिलं ते लिहून आणते. त्या नोंदीवरून आजाराचे ठरलेले कोड लावायचे असतात, आणि रुग्णाला किती मदत मिळेल हे सरकारी विमा नोंद आणि कोड मिळून ठरवतो. हे कोड लावण्याचं काम आता बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं. कंपनी निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं, कारण काय, तर "तू शिकलेली आहेस." आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पदवी मिळाली की उत्तरं येत असतील, असं माझ्या वडिलांना अजून वाटतं. मलाही वाटायचं.

तीन कंपन्या आल्या. तिघीही म्हणाल्या, आमचं काम शंभरात अठ्ठ्याण्णव अचूक. मी एका गृहस्थांना विचारलं, "कशाशी ताडून अचूक?"

"आमच्या तपासनिसांच्या उत्तरांशी."

"आणि तपासनीस कोणाचे?"

"आमचेच. बाहेरचा माणूस कशाला घ्यायचा?"

बरोबर होतं की चूक, मला कळलं नाही. म्हणून मी तिघींना एकच फाइल दिली, एउदेलिया आजींची. आजींचं नाव घ्यायला त्यांची परवानगी आहे. अट एवढीच की नीट उच्चारायचं.

आजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. फाइलमध्ये मिस नेरेची नोंद होती: रुग्ण स्वतः दार उघडते, आधाराशिवाय चालते, उभी राहून कॉफी करते. पहिल्या दोन कंपन्यांनी झटपट कोड पाठवले. एकीने तर रंगीत तक्ताही जोडला. तिसरीकडून कोड आलाच नाही, प्रश्न आला. तिकडे फिलिपिन्समध्ये सेबूला बसलेल्या जोसेलिन अबुएवा नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: "डॉक्टर म्हणतात उजव्या अंगात ताकद नाही, परिचारिका म्हणतात उभ्याने कॉफी करते. कॉफी कोणासाठी केली होती? आणि तुम्ही तिथे नसता तेव्हा ती करते का?"

साहेब, तुम्ही काय म्हणालात आठवतं? "मी कोड मागितला आणि ही बाई कॉफीची चौकशी करते. उद्या विचारेल, साखर किती घातली." सगळे हसले. मिस नेरे हसली नाही.

"म्हणजे मी खोटं लिहिते?"

"तसं नाही, मिस नेरे."

"मी डोळ्यांनी पाहिलं. कप माझ्या हातात दिला तिनं. चांगली कडक होती."

आता सांगा, मी कोणाचं खरं मानायचं? जिच्या हाताखाली मी हे काम शिकले तिचं, की जिनं आमचं हे नदीचं खोरं, इथली माणसं कधी पाहिली नाहीत त्या बाईचं? आणि हा काही मानपानाचा प्रश्न नव्हता. कागदावर आजी चालत्याफिरत्या दिसल्या तर व्यायाम करून घेणारी मुलगी एकदोनदाच गेली असती. मग तो हात तसाच राहिला असता.

मी जोसेलिनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझी आत्या अशीच होती. पाहुणा आला की ताठ उठायची, आणि तो गेला की दिवसभर अंथरुणात. तुमच्याकडे नसेल तसं, मी आपलं विचारलं."

आमच्याकडे नसेल तसं. मी मिस नेरेकडे पाहिलं. ती पर्स उचलून म्हणाली, "चल पोरी. फोन करायचा नाही, आणि मागच्या दारानं जायचं."

मागच्या दारानं घरचेच येतात, हे इथे कोणाला सांगायला नको. आत आजी होत्या. केस मोकळे, अंगावर रात्रीचाच झगा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची डाव्या हाताने वीतभर पुढे ढकलायच्या, मग तिच्यावर रेलून थांबायच्या. पाण्याच्या नळापर्यंत जायचं होतं त्यांना. आम्हाला पाहून आधी त्यांनी केस सारखे केले.

"आलीस तर आलीस, नेरेइदा, निदान कळवायचं तरी."

"हे असं कधीपासून?"

"हे रोजचंच."

"मग मी येते तेव्हा?"

"तू येतेस तेव्हा तू आलेली असतेस."

मिस नेरेनं पाणी भरून दिलं आणि कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायला घेतलं. आजींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि रिकामंच मांडीवर धरून बसल्या. आम्हाला त्या दिवशी काही मिळालं नाही.

परत येताना मिस नेरेनं गाडी सुरूच केली नाही. म्हणाली, "पोरी, मी लिहिलं ते खरं होतं ना?"

"हो."

"आणि आज पाहिलं ते?"

"तेही."

"मग शिकलीस कशाला, जर यातलं कागदावर कोणतं लिहायचं एवढंही सांगता येत नाही?"

नियम सरळ आहे. रुग्ण बहुतेक वेळ जसा असतो तसं लिहायचं, सर्वांत बऱ्या घटकेला असतो तसं नाही. मिस नेरेनं स्वतः नोंद बदलली, सही केली. मी तिसऱ्या कंपनीचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, "वेळ लावतात ते." मी म्हटलं, लावतात. "रोज प्रश्न विचारत बसतील." मी म्हटलं, विचारतील. "मग उत्तरं तूच द्यायची." सोमवारी करारावर सह्या आहेत.

म्हणजे सगळं नीट झालं ना? मला खरंच माहीत नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी आता नेमानं जाते. आजींच्या उजव्या बोटांत चमचा राहू लागला आहे. पण त्या आता कोणासाठीच उठत नाहीत. पलंगावरूनच हाक मारतात, "या, दार उघडंच आहे." आमच्या कागदाला हवं होतं ते त्याला मिळालं. मोबदल्यात आपण त्यांच्याकडून काय घेतलं, त्यासाठी कुठल्याच कंपनीकडे कोड नाही. मी विचारून पाहिलं.

हे सगळं मी काल मिस नेरेला बोलून दाखवलं. ती टेबलाचे खण रिकामे करत होती. म्हणाली, "उद्या समारंभ झाला की माझं ओळखपत्र तुझ्या हातात देणार. मग मी कोणाची परिचारिका नाही. रविवारी प्रार्थनेनंतर एउदेलियाकडे जाणार आहे. आदल्या दिवशी फोन करून, पुढच्या दारानं. तिला कॉफी करायची असेल तर करू दे, अर्धी सांडली तरी चालेल. मी पिणार आहे. लिहायला कोणी नसेल."

मिस नेरे, तुझे आभार मानायला मी उभी राहिले आणि तक्रारच जास्त केली. इतकी वर्षं तू कोणाच्या घरचा कप न पिता परत केला नाहीस, आणि गरज पडली तेव्हा स्वतःची नोंद स्वतः खोडलीस. यातलं मोठं कोणतं, ते मला अजून ठरवता येत नाही, म्हणून दोन्हींसाठी आभार. अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचेही मनापासून आभार. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल किंवा काही उलटसुलट झालं असेल, तर गोंधळलेल्या मुलीचं बोलणं समजून पोटात घाला.